चित्रांचे मूळ पत्ते

फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी कलादालनात मरियमची तीन भव्य चित्रे एकाच खोलीत मांडलेली आहेत. एक दुच्चोचे, एक चिमाबुएचे, एक जोत्तोचे. विषय तिन्हींत तोच: सिंहासनावर माता, मांडीवर बाळ येशू, दोन्ही बाजूंना देवदूत. तेराव्या शतकाची अखेर आणि चौदाव्याचा आरंभ एवढ्या थोड्या काळात ती रंगवली गेली, आणि तेवढ्यात चित्रातल्या माणसाला वजन आले. जोत्तोची मरियम खरोखरच बसलेली आहे. वस्त्राखाली तिचे गुडघे जाणवतात. कलेचा इतिहास शिकवणाऱ्याला याहून सोयीची खोली मिळणे कठीण. घरबसल्या उफ्फीत्सीची व्हर्च्युअल टूर करणारालाही ही खोली चुकवून चालत नाही. मात्र एकमेकांशी तुलना व्हावी म्हणून ही चित्रे कोणी करून घेतली नव्हती. दुच्चोचे चित्र १२८५ मध्ये सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये मरियमची स्तोत्रे गायला जमणाऱ्या एका मंडळाने सांगून करवून घेतले. चिमाबुएचे सान्ता त्रिनिता चर्चसाठी होते, जोत्तोचे ओन्यिस्सान्तीसाठी. तिन्ही चर्च आजही उभी आहेत, आणि उफ्फीत्सीतून निघाले तर तिन्हींपर्यंत चालत जाता येते. चित्रे तेवढी तिथे नाहीत.

या पुस्तकाचा विषय फ्लॉरेन्समधल्या संग्रहालयांच्या आणि कलादालनांच्या व्हर्च्युअल टूर हा आहे. अशा पुस्तकाच्या प्रस्तावनेत या सोयीचे कौतुक करावे, प्रवासखर्च वाचतो असे सांगावे आणि वाचकाला आत सोडावे, अशी रीत पडू पाहते आहे. मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. संग्रहालयाच्या भिंती जशाच्या तशा पडद्यावर आणणे हा या तंत्राचा सर्वांत दुबळा उपयोग आहे. त्याचे खरे सामर्थ्य संग्रहालयाला जे करता येत नाही ते करण्यात आहे. कलाकृती ज्या जागेसाठी घडली, ज्या उंचीवर आणि ज्या शेजारात राहणार म्हणून घडली, ती जागा तिला निदान नजरेपुरती परत मिळवून देता येते. फ्लॉरेन्सइतके या मुद्द्याला अनुकूल शहर क्वचितच सापडेल, कारण तिथली बहुतेक कामे फार लांब गेलेली नाहीत. ती दोन-चार गल्ल्या ओलांडून एका छपराखाली आली आहेत.

ती तिथे कशी आली हे थोडक्यात पाहिले पाहिजे. उफ्फीत्सीची इमारत मुळात कलेसाठी नव्हती. १५६० मध्ये कोसिमो दे मेदिची याने जोर्जो वाझारीकडून ती सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली. वरच्या मजल्यावर राजघराण्याचा संग्रह पुढे जमत गेला. मेदिची वंशातली शेवटची स्त्री आन्ना मारिया लुईझा हिने १७३७ मध्ये नव्या राजघराण्याशी करार करून हा सारा संग्रह शहराबाहेर न नेण्याच्या अटीवर राज्याच्या हवाली केला. युरोपातल्या कित्येक राजसंग्रहांची लिलावात वाताहत झाली. फ्लॉरेन्सची झाली नाही, याचे श्रेय या एका कागदाला आहे. १७६९ मध्ये ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो याने दालन लोकांसाठी खुले केले. पण त्याच राजाच्या आणि पुढे नेपोलियनच्या अमदानीत मठ आणि धार्मिक मंडळे बंद करण्याचा सपाटा सुरू झाला, आणि वेद्यांवरची चित्रे उतरवून सरकारी संग्रहात येऊ लागली. म्हणजे ज्या हाताने दालन उघडले त्याच हाताने चर्चही रिकामी केली. संग्रहालयाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. ही चित्रे वाचली ती बव्हंशी यामुळेच. पण त्यांचा मूळ पत्ता पुसला गेला तो इथे. देव्हाऱ्यातली मूर्ती आणि काचेच्या कपाटातली मूर्ती यांत काय फरक असतो हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. फ्लॉरेन्समध्ये तो फरक शहरभर पसरलेला आहे, इतकेच.

आज पडद्यावर काय मिळते? १ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने आर्ट प्रोजेक्ट सुरू केला, तेव्हा सहभागी झालेल्या १७ संग्रहालयांत उफ्फीत्सी होते. प्रत्येक संग्रहालयातले एकेक चित्र सुमारे ७ अब्ज पिक्सेलांच्या तपशिलाने टिपले गेले. उफ्फीत्सीने त्यासाठी बोत्तिचेल्लीचे ‘व्हीनसचा जन्म’ दिले. हे चित्र पावणेतीन मीटर रुंद आहे आणि लाकडी फळीवर नसून कापडावर आहे. पडद्यावर ते मोठे करत गेले की कापडाची वीण दिसते, केसांवरून ओढलेल्या सोन्याच्या बारीक रेघा दिसतात, कुठे रंग पातळ झाला आहे तेही कळते. प्रत्यक्षात चित्रासमोर काच आहे, काचेसमोर माणसांचे थर आहेत, आणि कोणाला नाक टेकवून पाहू देत नाहीत. इथे पडदा निःसंशय वरचढ ठरतो. याच प्रकल्पात रस्त्यावर फिरणाऱ्या कॅमेऱ्यासारखा कॅमेरा दालनांतूनही फिरवला होता, आणि बाणावर टिचकी मारत पुढे पुढे जाता येत होते. हा भाग मात्र मला केवळ करमणुकीचा वाटतो. जमिनीची चमक, खिडकीतला उजेड, वाकडी झालेली चौकट, कोपऱ्यातली आग विझवायची नळकांडी; चित्र मात्र धूसर. चालण्याचे सोंग आणण्यात पाहणेच राहून जाते. दुर्दैव असे की व्हर्च्युअल टूर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच येते.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे इटलीतली संग्रहालये बंद झाली तेव्हा या गैरसमजाला बळ मिळाले. जाता येत नाही म्हणून पडद्यावर जा, असा तो काळ होता. उफ्फीत्सीने त्या महिन्यांत फेसबुकवर आपले खाते उघडले, टिकटॉकवरही पाऊल ठेवले, आणि लाखो लोकांनी ते पाहिले. अडचणीच्या वेळी ते योग्यच होते. पण पर्याय म्हणून आलेली वस्तू पर्याय म्हणूनच मोजली जाते, आणि मूळ वस्तूपुढे पर्याय नेहमीच कमी भरतो. दालने पुन्हा उघडल्यावर लोक धावत गेले. २०२३ मध्ये उफ्फीत्सी, पित्ती राजवाडा आणि बोबोली उद्यान मिळून ५० लाखांहून अधिक तिकिटे फाटली. पडद्यामुळे लोक प्रत्यक्ष जायचे थांबतील ही भीती त्यामुळे फोल ठरते. पडद्यामुळे गर्दी कमी होईल ही आशाही तितकीच फोल ठरते.

डेव्हिडच्या मूर्तीचे उदाहरण या वादात फार उपयोगी पडते. १५०१ मध्ये मायकेलँजेलोला हे काम मिळाले ते कॅथीड्रलच्या वरच्या अंगाला, आधारस्तंभांच्या उंचीवर बसवायच्या मूर्तीचे. मूर्ती पुरी होत आली तेव्हा ती कुठे ठेवावी हे ठरवायला १५०४ मध्ये कलावंतांची आणि कारागिरांची बैठक बसली; तिच्यात लिओनार्दो होता, बोत्तिचेल्ली होता. अखेर ती नगरराज्याच्या वाड्यासमोर चौकात उभी राहिली. १८७३ मध्ये तिला पावसापाण्यापासून वाचवण्यासाठी आकादेमिया या दालनात हलवले, आणि चौकात आज दिसते ती १९१० ची प्रतिकृती आहे. म्हणजे एका मूर्तीचे तीन पत्ते: एक योजलेला, एक मिळालेला, एक आजचा. मूर्तीचे डोके आणि हात शरीराच्या मानाने मोठे का, याचा संबंध अनेक अभ्यासक पहिल्या पत्त्याशी जोडतात. आकादेमियात उभे राहून हा तर्क पारखता येत नाही. १९९८-९९ च्या हिवाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरने ही मूर्ती मापली. पहिल्याच झटक्यात जे कळले ते मजेदार होते. पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या ४.३४ मीटर छापली गेलेली उंची प्रत्यक्षात ५.१७ मीटर भरली, आणि स्कॅनिंगचा सांगाडा वाढवून घ्यावा लागला. जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या मूर्तींपैकी एक, आणि तिची उंची सुमारे ८३ सेंटिमीटरने चुकलेली! प्रत्यक्ष पाहणे म्हणजे नीट पाहणे, हा आपला विश्वास किती तकलादू असतो ते यातून दिसते. पुढे दुबईच्या एक्स्पोसाठी डेव्हिडची त्रिमितीय छपाईने पूर्णाकृती प्रतिकृती बनवली गेली आणि ती मजले भेदून जाणाऱ्या पोकळीत अशी उभी केली की वरच्या मजल्यावरचा माणूस त्याच्या डोळ्यांना डोळा भिडवू शके. त्यावर टीका बरीच झाली, मूर्तीची कंबर झाकण्यासाठी ही युक्ती आहे असेही बोलले गेले. तरी ज्या उंचीवर मायकेलँजेलो परांचीवर चढून छिन्नी चालवत होता त्या उंचीवरून तो चेहरा पाहण्याची संधी फ्लॉरेन्समध्ये कोणाही प्रवाशाला मिळत नाही.

पण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा एका नाहीशा झालेल्या इमारतीत आहे. फ्लॉरेन्सच्या पूर्वेकडच्या भागात सान पिएर माज्जोरे नावाचे चर्च होते, त्याला लागून बेनेडिक्टाइन साध्वींचा मठ होता. शहरात नवा बिशप आला की या मठाच्या प्रमुख साध्वीशी त्याचा प्रतीकात्मक विवाह लावला जाई. बिशपचे शहराशी नाते जुळले असे त्यातून मानले जाई. १३७०-७१ मध्ये याकोपो दी चोने आणि त्याच्या कारखान्याने या चर्चच्या मुख्य वेदीसाठी अनेक फळ्यांचे एक प्रचंड चित्र केले. त्यात मरियमला मुकुट घातला जात आहे, भोवती संतांची दाटी आहे, आणि संत पीटरच्या हातात खुद्द या चर्चची छोटी प्रतिकृती आहे. पुढे १७८० च्या दशकात इमारत धोकादायक झाली म्हणून पाडली गेली. समोरच्या पडवीच्या कमानी तेवढ्या उरल्या. जुन्या भिंतींचे अवशेष आज आजूबाजूच्या घरांत, दुकानांत मुरून गेले आहेत. वेदीचित्राच्या फळ्या सुट्या झाल्या. त्यांतल्या १२ लंडनच्या नॅशनल गॅलरीत पोहोचल्या, खालच्या पट्टीतल्या छोट्या फळ्या निरनिराळ्या देशांत विखुरल्या. याच चर्चमधल्या पाल्मिएरी घराण्याच्या वेदीसाठी बोत्तिचिनी या चित्रकाराने रंगवलेले मोठे चित्रही लंडनलाच गेले. २०१५-१६ च्या हिवाळ्यात नॅशनल गॅलरीने त्या चित्रावर प्रदर्शन भरवले, तेव्हा केंब्रिजच्या अभ्यासकांच्या साथीने पाडलेल्या चर्चची त्रिमितीय उभारणी केली. घरांत उरलेले खांब मोजले, जुने नकाशे आणि कागदपत्रे पडताळली, आणि दोन्ही चित्रे आपापल्या वेदीवर परत ठेवली. आता फ्लॉरेन्सच्या त्याच चौकात उभे राहून मोबाइलवर चर्च पाहता येते. उरलेल्या कमानी समोर, गेलेले चर्च हातात.

हे पाहिल्यावर काय समजते ते लंडनच्या दालनात उमगत नाही. भडक वाटणारे सोने मेणबत्तीच्या उजेडात आणि दुरून पाहण्यासाठी होते. संतांची ती दाटी अनाठायी नव्हती. मठातल्या ज्या स्त्रिया हे चित्र वर्षानुवर्षे पाहणार होत्या त्यांना त्यातला एकेक संत ओळखीचा असणार. पीटरच्या हातातली प्रतिकृती आणि डोक्यावरचे छप्पर यांचा मेळ तिथेच बसत होता. संग्रहालयातली पाटी या गोष्टी वाक्यांत सांगू शकते. पण जागा ही वाक्यांनी सांगण्याची गोष्ट नव्हे, ती नजरेने मोजायची असते, आणि मोजायला निदान तिचा सांगाडा तरी लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अंदाजाचा. पाडलेल्या चर्चची उभारणी करणे म्हणजे कल्पनेला इतिहासाचा शेंदूर फासणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि पडद्यावर तो अधिकच धारदार होतो, कारण तिथे खात्रीचा खांब आणि अंदाजाचा खांब सारखेच घोटीव दिसतात. पण हा प्रश्न या क्षेत्रातल्या लोकांना सुचलेला नाही असे नाही. २००६ मध्ये तयार झालेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या लंडन सनदेत हेच सांगितले आहे: संगणकावरच्या पुनर्रचनेत पुरावा कोणता, तर्क कोणता आणि निर्णय कशावरून घेतला, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. नियम चांगला आहे, पाळणारे थोडे आहेत. म्हणून पुढच्या प्रकरणांत टूरचे मूल्यमापन करताना ही कसोटी आधी लावली आहे. देखणी पण मुकी पुनर्रचना खालच्या पायरीवर ठेवली आहे. शिवाय हेही विसरू नये की अंदाज फक्त संगणकवालेच करतात असे नाही. कॅथीड्रलच्या संग्रहालयाने २०१५ मध्ये नव्याने दारे उघडली तेव्हा १५८७ मध्ये पाडलेला जुना दर्शनी भाग आतल्या एका प्रशस्त सभागृहात पूर्ण आकारात उभारून मूळच्या मूर्ती त्यावर बसवल्या. तो सोळाव्या शतकातल्या एका रेखाटनाच्या आधारे केलेला अंदाजच आहे. त्यावर फारसे कोणी नाक मुरडत नाही, कारण तो हाताला लागतो.

दुसरा आक्षेप जुना आणि जास्त खोल आहे. मूळ कलाकृतीसमोर उभे राहण्यात जे असते ते प्रतिमेत येत नाही, हे वाल्टर बेंयामिन या विचारवंताने १९३०च्या दशकात मांडले, आणि छापील चित्रांविषयी त्याने जे म्हटले ते पडद्याला अधिकच लागू पडते. आकाराच्या बाबतीत मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो. दुच्चोचे चित्र साडेचार मीटर उंच आहे. लॅपटॉपवर ते आणि एखादे तळहाताएवढे पदक एकाच मापाचे होतात, आणि या खोटेपणावर कोणत्याही पिक्सेलांची मात्रा चालत नाही. पण सान्निध्याचा मुद्दा मूळ जागेच्या बाजूने जितका बोलतो तितका संग्रहालयाच्या बाजूने बोलत नाही. खुद्द बेंयामिनच्या विवेचनात कलाकृतीचे वलय तिच्या जागेशी आणि तिच्या विधीशी बांधलेले आहे. तसे असेल तर वेदीवरून उतरून दालनात आलेल्या चित्राचे वलय पडद्याच्या कितीतरी आधीच विरळ झाले. मग खऱ्याखोट्याची सीमा दालनाच्या दारात आखून संग्रहालय खरे आणि पडदा खोटा म्हणणे सोयीचे असेल, सुसंगत नाही.

संग्रहालयांच्या बाजूने बोलणारे यावर ४ नोव्हेंबर १९६६ ची आठवण देतील, आणि त्यांनी ती द्यावीच. त्या दिवशी आर्नो नदी शहरात घुसली. सान्ता क्रोचेमधल्या चिमाबुएच्या क्रूसावरचा अर्ध्याहून अधिक रंग वाहून गेला, बाप्तिस्मागृहाच्या गिबेर्तीने घडवलेल्या सोनेरी दारांचे पाच पत्रे पाण्याच्या लोंढ्याने उखडले गेले. ती दारे सावरून पुन्हा लोकांसमोर यायला २०१२ साल उजाडले, आणि ती आता संग्रहालयात आहेत. जागेवर प्रतिकृती आहे. कामे जागेवर ठेवण्याची किंमत कधी कधी अशी असते. म्हणून मूळ वस्तू परत नेऊन बसवा असे कोणी म्हणत नाही. उलट, वस्तू सुरक्षित ठेवायची आणि तिचा संदर्भही राखायचा, ही दोन्ही कामे एकाच इमारतीला जमत नाहीत तिथेच पडद्याची जागा आहे. इंडियाना विद्यापीठाच्या मदतीने उफ्फीत्सीने २०१६ पासून आपल्या ग्रीक-रोमन शिल्पांचे त्रिमितीय नमुने करायला घेतले. संग्रहातली अशी शिल्पे सुमारे १,२५० आहेत, आणि त्यांतली कित्येक सामान्य प्रेक्षकाला एरवी दिसतच नाहीत. अशा कामाला टूर म्हणायचे की नाही हा नावाचा वाद झाला.

संग्रहालयांच्या टूरमध्ये आणखी एक गोष्ट निसटते: शहर. तिकीट-खिडकी जिथे संपते तिथे टूरही संपते. फ्लॉरेन्सशी मराठी माणसाचा सर्वांत जवळचा दुवा नेमका या कुंपणाबाहेर आहे. युरोपचा प्रवास आटोपून परतणारे कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा ते शहर इटलीची राजधानी होते. हिंदू रीतीने दहन करण्यासाठी अधिकाऱ्यांची खास परवानगी काढावी लागली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अग्नी दिला गेला. तिथे काशिने उद्यानाच्या टोकाला १८७४ मध्ये छत्री उभारली गेली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. पुढे जवळच बांधलेल्या पुलालाही ‘भारतीया’चे नाव मिळाले. हे स्मारक जिथे घटना घडली तिथेच आहे, कोणी ते उचलून दालनात नेलेले नाही. म्हणूनच कोणत्याही संग्रहालयाच्या टूरमध्ये ते भेटत नाही. उफ्फीत्सीचे कोपरे पाठ झालेल्या मराठी प्रेक्षकाला ते ठाऊक नसावे, याला टूरची रचना जबाबदार आहे. प्रेक्षकाचे औत्सुक्य कमी पडले असे मी म्हणणार नाही.

एक व्यावहारिक बाबही सांगितली पाहिजे. पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नसतो असे आपण धरून चालतो. इटलीत तेवढ्यावर भागत नाही. २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार सरकारी संग्रहातल्या कामाची प्रतिमा व्यापारी कारणासाठी वापरायची तर परवानगी आणि शुल्क लागते. २०२२ मध्ये उफ्फीत्सीने व्हीनस कपड्यांवर छापणाऱ्या एका फ्रेंच फॅशन कंपनीविरुद्ध याच आधारावर कोर्टाची पायरी चढली. घरी बसून पाहणाऱ्या वाचकाला याचा त्रास नाही. अभ्यासासाठी वापरायला मुभा आहे. प्रकाशकाला मात्र त्रास आहे. या पुस्तकात मोठी रंगीत चित्रे का नाहीत, याचे उत्तर काही अंशी तिथे मिळेल. शुल्कातून जतनाचा खर्च निघतो हे खरे, तरी जगाला घरबसल्या बोलावणाऱ्या संस्थेने पाहुण्याच्या हातातली वहीही मोजून घ्यावी, हे थोडे विचित्र वाटते.

पुढची प्रकरणे संग्रहालयांच्या क्रमाने लावलेली नाहीत, मूळ जागांच्या क्रमाने लावली आहेत. सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या प्रकरणात दुच्चो भेटेल, उफ्फीत्सीच्या नव्हे. ओर्सान्मिकेलेच्या कोनाड्यांत दोनातेल्लोचा संत जॉर्ज येईल, जरी मूळ मूर्ती आज बार्जेल्लो संग्रहालयात असली तरी. प्रत्येक कामाखाली तीन ओळी आहेत: ते कुठल्या जागेसाठी झाले, आज कुठे आहे, आणि पडद्यावर कुठे नीट दिसते. यांतली तिसरी ओळ सर्वांत आधी शिळी होणार, कारण संकेतस्थळे पत्ते बदलतात आणि ॲप बंद पडतात. दुवा चालला नाही तर कामाचे आणि मूळ चर्चचे नाव एकत्र घालून शोधावे, बहुधा सापडते. शक्य असेल तिथे मोबाइल बाजूला ठेवून मोठा पडदा वापरावा. सान पिएर माज्जोरेचे प्रकरण मात्र मोबाइलवरच वाचलेले बरे, आणि शेजारी शहराचा नकाशा उघडा ठेवावा.